आलोइस काय म्हणाला

टोबी घड तोडायची आकडी खांद्यावर टाकून मळ्यात शिरायला गेला आणि वाटेतच थबकला. मळ्याच्या तोंडाशी, पायवाटेच्या मधोमध, गोरगोरचा दांडा रोवलेला होता. हिरवागार, नुकताच उपटून आणलेला. मुळाची माती अजून ओली होती.

"आई! ए आई, बाहेर ये आधी!"

आगाथा चुलीवरची रताळी तशीच टाकून आली. तिनं दांड्याकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि त्याची बाही धरली. गोरगोर म्हणजे आमच्याकडचं रानआलं. जमिनीवर ज्याचा हक्क, त्यानं ते रोवायचं. आणि एकदा रोवलं की आत पाऊल घालायचं नाही, घड तोडायचा नाही, खाली पडलेलं फळसुद्धा उचलायचं नाही. पोलीस आला तर आमची माणसं त्याच्याशी हुज्जत घालतात. गोरगोरशी कोणी घालत नाही.

"उपटून फेकतो," टोबी म्हणाला.

"हात लावशील तर बघ."

"बाबानं लावलेली झाडं आहेत ही, आई. आज तोडायचा दिवस आहे. ट्रक उद्या येणार."

"म्हणून म्हणते, हात लावू नकोस. परका माणूसच गोरगोर उपटतो. जमिनीच्या मूळ लोकांना तेच पाहिजे आहे."

हे ती बरोबर बोलली. माझा मळा त्यांच्या मळ्याला लागून आहे, मी आवाज ऐकून आलो होतो. तेलताडाचे घड पिकून लालभडक झाले होते. प्रत्येक झाडाखाली फळं गळू लागली होती. आणि आम्ही तिघं त्या दांड्याच्या अलीकडे, घरात न घेतलेल्या पाहुण्यांसारखे उभे होतो.

आगाथाचा नवरा लिनस मागच्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेला. तो मोठ्या नदीकाठचा, ही डोंगरातली. दोघंही इथं कंपनीच्या ताडांवर मजुरीला आले आणि बराकीत भेटले. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला. भेटले ते टोक पिसिनमध्ये, भांडलेही त्यातच, आणि पोरगाही त्यातच बोलायला शिकला. आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांत हेच झालं आहे. मजुरांच्या बराकीत, गोऱ्या साहेबांच्या शिव्यांमधून आणि दहा गावच्या बोलींमधून शिजलेली ही भाषा. माझ्या पोरांना दुसरी येत नाही. जमिनीचे मूळ लोक आमच्याशी तीच बोलतात, पण आपसात बोलायला लागले की तोंड फिरवतात.

लिनसला ही जमीन आलोइसनं दिली. आलोइस मूळ लोकांमधला मोठा माणूस. कागद कोणी केला नाही. लिनसनं डुकरं दिली, तंबाखू दिली, आणि त्यानंतर आलोइसच्या घरचं एकही मरण, एकही जेवण चुकवलं नाही. खड्डा खणायला हा पहिला, सरपण वाहायला हा पहिला. दोघं संध्याकाळी सुपारी आणि चुना चघळत बसायचे. एकदा मी लिनसला म्हटलं होतं, "अरे, त्यांची भाषा शीक की जरा." तो म्हणाला, "मी दोनदा प्रयत्न केला, तर आलोइसदादाच रागावला. म्हणतो, तू माझ्या भाषेत बोललास तर अडखळशील आणि मी तुझा मालक होईन. पिसिनमध्ये दोघंही सारखे." आलोइसइतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्यांच्यात जमीन आईच्या बाजूनं चालते. आलोइसच्या मागं हक्क त्याच्या पोरांचा नाही, बहिणीच्या पोरांचा. थोरला भाचा ब्लासियस. गोरगोर त्यानंच रोवलं होतं.

दुपारी आगाथा आणि टोबी किनाऱ्यावरच्या गावात गेले. मीही गेलो. ब्लासियस घरापुढं बोटीचं इंजिन खोलून बसला होता. जाडजूड माणूस, अंगात फुटबॉलचा सदरा.

"या काकू. बसा की," तो म्हणाला आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

सावलीतला बाक त्याच्या भावांनी अडवला होता. आगाथा उन्हात वाळूवर बसली. डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या जाळीच्या पिशवीत तिनं त्याच्यासाठी रताळी आणली होती. ती कोणी घेतली नाहीत. एक कुत्रा येऊन पिशवी हुंगून गेला.

बऱ्याच वेळानं ब्लासियसनं हात पुसले. "काय म्हणता काकू?"

"ते काढ रे बाबा. फळं सडतायत. तुझ्या मामानं दिलेली जमीन आहे."

"मामानं काय दिलं ते मामाला ठाऊक. मला कोणी विचारलं नव्हतं." मग तो टोबीकडे वळला. "तुझं गाव कुठलं रे?"

"हेच. इथंच जन्मलो, तुला माहीत आहे."

"इथला, म्हणजे आमचा भाऊच झालास की! मग बोल ना आमच्या भाषेत चार शब्द. हे सगळे बसलेत, ऐकू दे त्यांना."

टोबी पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरू लागला.

"बोल की, लाजतोस काय?"

टोबीला त्या भाषेतले डुकराचे, सुपारीचे आणि समुद्राचे शब्द येत होते. शिवाय एक शिवी. त्याचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, हा शिवीच देतोय आता. पण त्यानं डुकराचा शब्द उच्चारला. बाकावरचे सगळे फिदीफिदी हसले.

"बघ, डुक्कर तेवढं येतं," ब्लासियस म्हणाला. "पाच दिवसांनी पंच येणार आहे. त्याच्यापुढं बोला काय ते."

परत येताना टोबी आमच्या पुढं पुढं चालला. वाटेत ताडाची एक वाळकी झावळी पडली होती, तिला त्यानं लाथ मारली आणि काटा पायात घुसवून घेतला. आगाथानं खाली बसून दातांनी तो काढला. पंचवीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. आमच्या फळांची जाळी वर उचलली, ट्रकात रिकामी केली, आणि आगाथाच्या फळं ठेवायच्या रिकाम्या ओट्यापुढून ड्रायव्हर वेगही कमी न करता गेला. मळ्यातून आंबूस वास यायला लागला होता. माश्या घोंघावत होत्या. रोज सकाळी ती गोरगोरच्या अलीकडे उभी राहून झाडं न्याहाळायची. अलीकडून जी फळं दिसत होती ती तिनं ओळखीच्या माणसांसारखी टिपून ठेवली होती; कालचं इथलं आज काळं पडलं, हे आज फुटलं. मी तिला म्हटलं, "बघू नकोस, त्रास होतो." ती म्हणाली, "घरात बसून वास येतोच की."

तिची सगळी भिस्त आलोइसवर होती. मी तिला कितीदा समजावलं. आलोइसला मागच्या वर्षी, लिनसच्या मरणाच्या महिनाभर आधी, अर्धांग झालं होतं. पुढं जीभ वळू लागली, पण टोक पिसिन परत आलं नाही. आयुष्यभर जी बोलला ती भाषा पार पुसली गेली आणि लहानपणीची तेवढी उरली. आगाथा दर दोन दिवसांनी त्याला खोबऱ्याच्या दुधात शिजवलेले अळूचे कंद घेऊन जायची. तिच्या हातून तो खायचा, हसायचा, काहीबाही बोलायचा. तिला एक अक्षर कळत नव्हतं.

"भाषा गेली म्हणून मन गेलं का?" ती म्हणायची. "मला बघून हसतो तो. पंचापुढं त्याला नेऊन बसवा. तो खोटं बोलायचा नाही."

"खोटं नाही बोलणार. पण तो काय बोलला हे तुला सांगणार कोण?"

"देव आहे," ती म्हणाली.

आलोइसची बायको रुफिना तिला एकदा चुलीपाशी म्हणाली, "आगाथा, म्हाताऱ्याला मध्ये आणू नकोस गं."

"का ताई?"

रुफिना राख सारत राहिली. ती दुसऱ्या कुळातली. त्या जमिनीबद्दल तिनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. "थकलाय तो," एवढंच ती म्हणाली.

आगाथाला वाटलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच.

पंच लांबच्या बेटावरचा, पांढऱ्या केसांचा. बोलायला शांत. त्यालाही इथली भाषा येत नव्हती. मोठ्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या. एका बाजूला ब्लासियसचे लोक, दुसऱ्या बाजूला आमच्या रांगेतले आम्ही सगळे उपरे. टोबीनं लिनसची सगळी हकीकत सांगितली. ब्लासियस म्हणाला, "डुकरं दिली ती पाहुणा म्हणून दिली. जमीन दिली असती तर आम्हां भाच्यांना बोलावून दिली असती."

"साक्षीला कोण आहे?" पंचानं विचारलं.

आगाथा उठून उभी राहिली. "आलोइसदादा. ज्यानं दिली त्यानंच सांगावं."

"त्यांना टोक पिसिन येत नाही म्हणतात आता."

"न का येईना. मनात आहे ते तर सांगतील."

"मग ते जे सांगतील ते तुला मान्य?"

मी मागून तिच्या झग्याला झटका दिला. ती वळलीसुद्धा नाही. "मान्य. शब्दन् शब्द मान्य."

पंचानं ब्लासियसकडे पाहिलं. "मलाही मान्य," ब्लासियस म्हणाला. एवढ्या चटकन म्हणाला, जणू त्याची वाटच पाहत होता.

आलोइसला फळं वाहायच्या ढकलगाडीत बसवून आणलं. खाली गोणपाट घातलं होतं. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. पण आगाथा दिसताच त्याचा अर्धा चेहरा उजळला. ती रडू लागली.

कुळाच्या जमिनीचं बोलणं कुळाच्या रक्तानंच उलगडून सांगायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे ब्लासियस किंवा त्याचे भाऊ. पंचानं विचारलं, "आजोबा, ही जमीन तुम्ही लिनसला कायमची दिली होती का?" ब्लासियसनं ते आपल्या भाषेत सांगितलं. नीट सांगितलं असावं. त्याच्या गावचे म्हातारे माना डोलावत होते.

आलोइस ऐकत राहिला. मग तो बोलू लागला. सुरुवातीला हळू, नंतर जोरात. त्याची नजर आमच्या गर्दीत एकेका तोंडावरून फिरत होती. माझ्यावर आली, पुढं गेली. टोबीवर थोडी थांबली. चांगल्या हातानं त्यानं ढकलगाडीच्या कडेवर थाप मारली, पुन्हा मारली. लाळ हनुवटीवरून ओघळली. तो रागावला होता, आणि त्या रागातच त्याचा आवाज फुटला. गावातल्या बायांनी माना खाली घातल्या. रुफिनानं तोंडावर कापड धरलं. आगाथा हात जोडून उभी होती आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होती, जणू तिला सगळं कळत होतं.

तो थांबल्यावर ब्लासियसनं जमिनीकडे पाहत सांगितलं.

"मामा म्हणतो, मी काही सांगणार नाही."

"काय?" टोबी ओरडला. "एवढं बोलले ते! अर्धा तास बोलले, आणि तू म्हणतोस काही सांगणार नाही?"

"तेच तेच सांगत होता. मी यातलं काही सांगणार नाही, असंच म्हणाला. विचार कोणालाही."

पंचानं गावच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. शेवटी त्यातला एक जण नाइलाजानं बोलला, "म्हणाला खरा तसं."

"जमीन दिली, असं म्हणाले का?"

"ते नाही म्हणाला."

"दिली नाही, असं म्हणाले?"

"तेही नाही."

पंच वाईट माणूस नव्हता. त्यानं आगाथाला विचारलं, "बाई, दुसरं कोणी आहे?" दुसरं कोण असणार? ती जागा दिली तेव्हा दोघंच होते, सुपारी चघळत.

मळा भाच्यांकडे गेला. आगाथानं आणि टोबीनं घरात राहावं, फळं तोडावीत, अर्धा वाटा घ्यावा, तेही ब्लासियस नको म्हणेपर्यंत. "बघा काकू, मी कोणाला रस्त्यावर टाकत नाही," ब्लासियस म्हणाला, आणि गोरगोर त्यानं स्वतः येऊन उपटलं.

त्या पहिल्या तोडणीला टोबीनं सडके घड खाली पाडले तेव्हा ते जमिनीवर आपटून चिखलासारखे फुटत होते. आगाथा वाकून सुटी फळं गोळा करत होती. आमच्याकडे सुटी फळं हे बायकांचं काम. काट्यांतून, गवतातून एकेक वेचायचं, बोटांची सालं निघतात. आजवर ती आपल्या मळ्यात वेचत होती. आता ब्लासियसच्या मळ्यात वेचत होती. झाडं तीच, वाकणं तेच. ब्लासियसची बायको ओट्यावर उभी राहून पोती मोजत होती.

टोबी रोज संध्याकाळी आकडीचं पातं घासत बसायचा. त्याच्या डोक्यात एकच होतं: म्हातारा खरं बोलला आणि ब्लासियसनं ते गिळलं. रुफिना वाटेनं जाताना दिसली की तो आडवा जायचा. "आजी, आजोबा काय म्हणाले? एकदा सांग. फक्त मला सांग." रुफिना डोक्यावरचं ओझं सावरत बाजूनं निघून जायची. पातं इतकं धारदार झालं होतं की ताडाला एवढ्या धारेची गरजच नव्हती. आगाथाला ते दिसत होतं.

एक दिवस रुफिना वेचायला आली. अशी ती पूर्वीपासून अधूनमधून यायची. दोघी शेजारी शेजारी वाकायच्या. त्या दिवशी पोतं अर्धं भरलं. मग आगाथानं फळांनी भरलेली मूठ तशीच धरून विचारलं, "ताई, सांग गं. माझ्यासाठी नको सांगू. टोबी एखाद्या दिवशी ती आकडी घेऊन त्याच्या दारात जाईल, आणि मग मला नवराही नाही, पोरही नाही."

रुफिनानं मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"ब्लासियस खोटं नाही बोलला, आगाथा. माझ्या नवऱ्यानं तसंच म्हटलं. पण का म्हटलं ते नाही सांगितलं त्यानं."

"का म्हटलं?"

"तो म्हणाला, लिनस कुठं आहे? एवढी माणसं जमवलीत आणि त्यालाच बोलावलं नाही? माणसाच्या जमिनीबद्दल त्याच्या पाठीमागं बोलायचं नसतं. ही कुठली नवी रीत काढलीत? त्याला बोलवा. तो समोर बसला की सगळं सांगेन. तो येईपर्यंत मी काही सांगणार नाही." रुफिनानं हातातलं फळ पोत्यात टाकलं. "हेच म्हणत होता गं. पुन्हा पुन्हा हेच. तुमच्या माणसांत त्यालाच शोधत होता."

आगाथाच्या हातातली फळं खाली पडली. "त्यांना माहीत नाही? लिनस गेलेला?"

"त्याच्या डोक्यात राहतच नाही."

हे सगळं आगाथानं मागाहून माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. ती म्हणाली, "तेव्हा मला रडू नाही आलं, आशाच वाटली." म्हाताऱ्याला कोणी तरी नीट सांगायला पाहिजे, बस. लिनस मेला, आता त्याच्या वतीनं बोलायचं ते तुम्हीच, एवढं त्याला कळलं की तो पंचापुढं भडाभडा बोलेल. तिनं रुफिनाचा हात धरला. "आज चल. माझ्यासमोर सांग त्यांना."

"ऐक माझं. नको."

"एकदाच, ताई."

संध्याकाळी ती अळूचे कंद शिजवून घेऊन गेली. आलोइस चुलीजवळ भिंतीला टेकून बसला होता. तिला बघून हसला. एरवी ती बायकांच्या बाजूला, दाराशी बसायची. आज तिला त्याच्या अगदी समोर बसून त्याच्या डोळ्यांत बघायचं होतं. त्याच्या पुढ्यात एक ओंडका पडला होता, त्यावर ती बसली.

"दादा," ती टोक पिसिनमध्ये म्हणाली, "लिनस मेला हो." तो तसाच हसत होता.

तिनं रुफिनाकडे पाहिलं. रुफिना नवऱ्यापुढं गुडघे टेकून बसली, त्याचा चांगला हात हातात घेतला आणि त्यांच्या भाषेत बोलली. थोडंच बोलली. आलोइसचं हसू विरलं. त्यानं तोंड उघडलं आणि तो रडला, तोंड वासून, आवाज न करता, छाती हलवत. आगाथाही रडत होती. लिनस त्याच दिवशी गेल्यासारखं घर झालं. रुफिना मात्र रडली नाही. ती त्याचं तोंड पुसत राहिली.

"आता विचार," आगाथा म्हणाली. "पंचापुढं बोलाल का, विचार."

"थांब जरा. शांत होऊ दे."

तो शांत झाला. रुफिनानं एक कंद कुस्करून त्याला भरवला. त्यानं तो चावून गिळला, दुसरा घास घेतला. मग त्याचं लक्ष आगाथाकडे गेलं. तो तिच्याकडे, तिच्या खालच्या ओंडक्याकडे पाहू लागला. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो काहीतरी बोलला आणि चांगल्या हातानं तिला खूण केली, ऊठ, ऊठ. तिला समजेना. त्यानं पुन्हा हात हलवला, जरा चिडून.

"काय म्हणतात, ताई?"

रुफिना भांड्यात बघत होती.

"ऊठ म्हणतो. तिथं लिनस बसतो. येईलच आता, म्हणतो."

आगाथा उठली.